विंड एनर्जीचा मास्टर्स: कुणी करावा, कुठे करावा आणि आत काय असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकलची पदवी झाली, मग साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम केलं, आणि आता मास्टर्स करायचं मनात आहे. खास विंड एनर्जी इंजिनिअरिंग घ्यावं की साधं मेकॅनिकल किंवा एनर्जी? भारतात की बाहेर? आणि या दोन वर्षांत नेमकं शिकवतात तरी काय? मी स्वतः असा मास्टर्स करून लोड्स (टर्बाइनवर येणारे भार) आणि साइट असेसमेंट (जागेवरच्या वाऱ्याचा अंदाज) या कामात आहे. नव्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. टर्बाइनवर येणारे भार, वाऱ्याची मोजणी आणि उत्पादनाचा अंदाज, पात्यांचं डिझाइन किंवा कंट्रोल यांपैकी कशात शिरायचं असेल तर खास विंडचाच मास्टर्स करा. साध्या मेकॅनिकलच्या एम.टेक.मध्ये यातलं फारसं काही हाताला लागत नाही, आणि नोकरीत रुजू झाल्यावर पहिल्यापासून शिकवत बसायला कुणाला सवड नसते. देखभालीच्याच बाजूने साइट मॅनेजर, पुढे राज्याचा प्रमुख अशी वाट धरायची असेल, तर मात्र हा मास्टर्स दोन वर्षं आणि बराच पैसा घेईल आणि त्या वाटेवर फारसं पुढे नेणार नाही. गिअरबॉक्सचं वेड असेल तर मशीन डिझाइन घ्या, कन्व्हर्टरचं असेल तर पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. तिथे मूळ विषयातली खोलीच कामाला येते. विंड पुढे नोकरीत जोडता येतं.

आता या विषयाचा गाभा सांगतो, कारण विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत तो दिसत नाही. तिथे फक्त विषयांची यादी असते.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्हाला माहीतच आहे. १२० मीटर व्यासाचं रोटर घ्या. त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे ११,३०० चौरस मीटर. समुद्रसपाटीवरची हवा, वेग सेकंदाला ८ मीटर. त्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्यात साधारण साडेतीन मेगावॅट शक्ती असते. आल्बर्ट बेट्झने १९२० साली गॉटिंगेनमध्ये मांडलेल्या गणितानुसार तिच्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के काढता येते. चांगलं आधुनिक यंत्र ४५ टक्क्यांच्या आसपास काढतं, म्हणजे हातात येतात १.६ मेगावॅट. हेच यंत्र चाळकेवाडीसारख्या ११०० मीटरच्या आसपास उंचीच्या पठारावर उभं करा. २५ अंश तापमानाला तिथल्या हवेची घनता १.२२५ ऐवजी १.०४ किलो प्रति घनमीटरच्या जवळ येते. वारा तोच, यंत्र तेच, आणि शक्ती १५ टक्क्यांनी कमी. साइटवर यंत्र पॉवर कर्व्ह, म्हणजे कोणत्या वेगाला किती वीज मिळेल याचा ठरलेला आलेख, गाठत नाही म्हणून जे वाद होतात, त्यांतला काही भाग इथेच सुटतो.

हे झालं सोपं गणित. अवघड आहे ते यापुढचं: तिथला वारा खरोखर किती आहे हे कसं कळणार? मास्टवरचं, म्हणजे मोजणीच्या खांबावरचं, वेग मोजणारं अ‍ॅनिमोमीटर थोडं चुकतं. मास्ट ८० किंवा १०० मीटरचा आणि हब (रोटरचं केंद्र) १४० मीटरवर असेल तर मधलं अंतर गणिताने भरावं लागतं, तिथे आणखी चूक शिरते. मोजणी एका वर्षाची आणि प्रकल्प वीस-पंचवीस वर्षांचा, तिथे आणखी. मास्ट एका टोकाला आणि टर्बाइन तीन किलोमीटरवर दुसऱ्या टोकाला, तिथे सगळ्यात मोठी. या सगळ्या चुका एकत्र करून एक आकडा काढतात. समजा प्रकल्पाचं अपेक्षित वार्षिक उत्पादन १० कोटी युनिट आणि अनिश्चितता १२ टक्के. मग दहातल्या नऊ शक्यतांमध्ये मिळेल असं उत्पादन, ज्याला पी-९० म्हणतात, ते ८.४६ कोटी युनिट येतं. मोजणी नीट करून अनिश्चितता ८ टक्क्यांवर आणली तर तेच ८.९८ कोटी होतं. कर्ज देणारी बँक पी-९० कडे बघते. एकही पातं न बदलता, एकही टर्बाइन न वाढवता प्रकल्पाची ऐपत वाढली, ती केवळ वारा काळजीपूर्वक मोजल्यामुळे.

माझं सगळं म्हणणं यातच आहे. आकडा काढायला सॉफ्टवेअर शिकवतं. तो आकडा कितीने चुकू शकतो आणि का, हे शिकवतो तो मास्टर्स चांगला. मी मुलाखतीत हमखास एक प्रश्न विचारतो: तुमच्या प्रबंधातल्या मुख्य आकड्यावर तुमचा स्वतःचा किती भरवसा आहे, आणि कशाच्या जोरावर? ज्यांनी मोजलेल्या डेटावर काम केलेलं असतं ते यावर दहा मिनिटं बोलतात. ज्यांनी फक्त सॉफ्टवेअर चालवलेलं असतं ते रंगीत चित्रं दाखवतात.

या विषयाचं शिक्षण सुरुवातीपासून मोजणीच्या खांबाशेजारीच झालं आहे. डेन्मार्कमधल्या अस्को गावच्या लोकशाळेत पॉल ला कूर या शिक्षकाने १८९१ साली प्रयोगासाठी पवनचक्की उभारली. तिच्यावर वीज तयार केली, पात्यांचे प्रयोग केले, आणि पुढे तिथेच खेड्यापाड्यांतल्या तरुणांना विजेचं काम शिकवायला घेतलं. रिसो ही मूळची अणुसंशोधन संस्था. हवेतून किरणोत्सर्ग कसा पसरेल हे कळावं म्हणून तिथे हवामानाचे उंच मास्ट उभे राहिले, आणि त्या अभ्यासाची पुढे पवन ऊर्जेला पायाभूत मदत झाली. १९७८ साली तिथे छोट्या पवनचक्क्यांचं चाचणी केंद्र सुरू झालं, १९८७ मध्ये वॅस्प ही एका जागच्या मोजणीवरून आसपासच्या वाऱ्याचा अंदाज काढणारी संगणक प्रणाली आली, १९८९ मध्ये युरोपचा विंड अ‍ॅटलस. आज रिसो हा डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाचा, म्हणजे डीटीयूचा, भाग आहे. आपल्याकडेही ही परंपरा आहे, फक्त तिची आठवण कुणी काढत नाही. पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात काम केलेल्या अण्णा मणी यांनी निवृत्तीनंतर देशभरातल्या वाऱ्याच्या मोजणीचं काम उभं केलं आणि १९८० च्या दशकात ती आकडेवारी प्रसिद्ध केली. १९८६ साली रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिनच्या किनाऱ्यांवर ५५ किलोवॅटची पहिली यंत्रं उभी राहिली, त्या काळातलं हे काम. या विषयात येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीला आणि मुलाला हे नाव माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आत काय शिकवतात? पहिल्या सत्रात वातावरणाचा जमिनीलगतचा थर, रोटरचं एरोडायनॅमिक्स, स्ट्रक्चरल डायनॅमिक्स, थोडी विद्युत यंत्रं. एरोडायनॅमिक्समध्ये ब्लेड एलिमेंट मोमेंटम पद्धत (पात्याचे तुकडे पाडून प्रत्येकावरचं बल काढायची रीत) स्वतःच्या हाताने कोड करायला लावतात. ते करताना कंटाळू नका. लोड्सचं आजचं बहुतेक काम अजूनही त्याच पद्धतीवर चालतं, आणि तिच्यातल्या दुरुस्त्या, उदाहरणार्थ पात्याच्या टोकाशी होणारी गळती किंवा जास्त थ्रस्ट (वाऱ्याचा रोटरवरचा दाब) असताना मूळ सिद्धांत कुठे मोडतो, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. ग्रिडचा विषय बहुतेक ठिकाणी उरकल्यासारखा असतो. त्यात खरा रस असेल तर विद्युत शाखेतला वेगळा मास्टर्स बघा.

मी जिथे रेंगाळणार आहे तो विषय म्हणजे भार आणि फटीग (पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने होणारी झीज), कारण विंड इंजिनिअरिंग इतर यंत्रशास्त्रापासून वेगळं पडतं ते इथे. रोटर मिनिटाला १२ फेरे घेतं आणि सतत फिरत राहतं असं धरलं, तर २० वर्षांत साडेबारा कोटींहून जास्त फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पात्याचं स्वतःचंच वजन त्याला एकदा एका बाजूने आणि एकदा दुसऱ्या बाजूने वाकवतं. त्यावर खळबळत्या वाऱ्याचे धक्के, शेजारच्या टर्बाइनच्या मागे पडणारा वेक (मंदावलेला, खळबळता वारा), प्रत्येक स्टार्ट, प्रत्येक इमर्जन्सी स्टॉप. या चक्रांची मोजदाद रेनफ्लो पद्धतीने करतात आणि मग नुकसानाची बेरीज होते. या बेरजेत एक घातांक असतो. पोलादाच्या टॉवरसाठी तो ३ ते ४ धरतात, ग्लास फायबरच्या पात्यासाठी १० च्या आसपास. आता बघा: भाराची चक्रं १० टक्क्यांनी मोठी झाली, तर घातांक ४ धरून टॉवरचं नुकसान सुमारे दीडपट होतं. पात्याचं होतं अडीचपटीहून जास्त. म्हणून टर्ब्युलन्सचा, म्हणजे वाऱ्याच्या खळबळीचा, आकडा २ टक्क्यांनी चुकला की लोड्सवाल्यांची झोप उडते, आणि उत्पादनवाल्यांना त्याचं विशेष काही वाटत नाही.

हे सगळं आयईसी ६१४००-१ या टर्बाइन डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौकटीत बसतं. त्यातले वर्ग तोंडपाठ होतील इतक्यांदा वापराल: पहिल्या वर्गासाठी वार्षिक सरासरी वेग सेकंदाला १० मीटर, दुसऱ्यासाठी ८.५, तिसऱ्यासाठी ७.५, आणि त्यांच्या जोडीला टर्ब्युलन्सच्या श्रेणी. डिझाइन लोड केसेसची लांबलचक कोष्टकंही त्यातच आहेत: साधं उत्पादन, बिघाडासह उत्पादन, वादळात उभं राहिलेलं यंत्र, ग्रिड गेल्यावरचं थांबणं. साइटवर अलार्मच्या यादीत जे पाहिलंत तेच इथे गणितात भेटतं. ग्रिड ट्रिपमध्ये नॅसेलमध्ये (टॉवरच्या माथ्यावरच्या यंत्रखोलीत) उभं असताना टॉवर पुढे-मागे कसा झुलतो हे ज्याने अनुभवलंय, त्याला टॉवरची पहिली वारंवारता आणि रोटरची वारंवारता एकमेकींपासून दूर का ठेवायच्या हे वेगळं समजवावं लागत नाही. तुमचा साइटवरचा अनुभव इथे मोलाचा ठरतो. अर्जातही तो ठळकपणे लिहा, कोणत्या क्षमतेची यंत्रं, कोणत्या प्रकारचे बिघाड, सगळं.

या विषयात वाऱ्याच्या खळबळीचं एक प्रारूप पदोपदी येतं, कायमाल स्पेक्ट्रम. ते भारतात जन्मलेल्या जे. सी. कायमाल या सूक्ष्महवामानशास्त्रज्ञाच्या नावाचं आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या कॅन्सासच्या सपाट शेतात मोजणी झाली आणि १९७२ साली ते मांडलं गेलं. सपाट शेत, हे लक्षात ठेवा. आपला सह्याद्री सपाट नाही.

इथे आपल्या मुलांनी थांबून विचार करावा असं मला वाटतं. वॅस्पसारखी प्रणाली सौम्य उताराच्या जमिनीसाठी आहे. उतार साधारण ३० टक्क्यांच्या पुढे गेला की वाऱ्याचा प्रवाह जमीन सोडतो, आणि प्रणाली वेग जास्त सांगू लागते. साताऱ्याचं पठार घ्या, वनकुसवड्याची बाजू घ्या. पश्चिमेकडून मान्सूनचा वारा येतो, कड्यावर आपटून वर चढतो आणि पठारावर येताना त्याला वरच्या दिशेने कल असतो. मानक हा कल ८ अंशांपर्यंत धरतं. कड्यालगतच्या यंत्राला त्याहून जास्त मिळू शकतो. कड्याजवळ वेग जास्त मिळतो म्हणून यंत्र अगदी काठाला उभं करण्याचा मोह होतो. मग त्याचं यॉ बेअरिंग (यंत्र वाऱ्याकडे वळवणारं) आणि पिच बेअरिंग (पात्याचा कोन बदलणारं) आतल्या रांगेतल्या यंत्राआधी का झिजतं, असा प्रश्न काही वर्षांनी देखभालवाल्यांपुढे येतो. तुम्ही तो पाहिलाही असेल. युरोपातल्या वर्गात हे उदाहरण देणारे तुम्ही एकटेच असाल, आणि प्राध्यापक कान देऊन ऐकतील.

आपल्याकडून गेलेल्या मुलांची दमछाक कुठे होते? एरोडायनॅमिक्समध्ये नाही. संख्याशास्त्रात होते. वायबुल वितरण (कोणता वेग किती वेळा येतो याचं गणित), स्पेक्ट्रम, सहसंबंध, अनिश्चिततेची बेरीज हे आपल्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात गुणांपुरतं शिकवलं जातं. दुसरं, कोडिंग. आठवड्याला एक असाइनमेंट, तिच्यात दहा मिनिटांच्या सरासरीचा वर्षभराचा डेटा, म्हणजे ५२,५६० ओळी. त्यातलं बर्फ, मास्टची सावली (खांबाने अडवलेला वारा), बंद पडलेला सेन्सर ओळखून बाजूला काढायचं. एक्सेल तिथे दम टाकतं. पायथन शिकून जा. तिसरं, अहवाल. प्रत्येक गृहीतक लिहून त्याची बाजू मांडायची सवय आपल्याला नसते. गुण त्यावरच असतात.

आता कुठे जायचं. सगळ्या जगाची यादी देत बसत नाही, मला जवळून माहीत आहे तेवढंच लिहितो.

डीटीयू माझ्या मते लोड्स, एरोइलॅस्टिसिटी (वाऱ्याने वाकणाऱ्या-झुलणाऱ्या यंत्राचा अभ्यास) आणि साइट असेसमेंट या तिन्हींसाठी पहिल्या क्रमांकावर आहे. कारण इमारती किंवा नाव नाही. ज्यांनी वॅस्प आणि भार काढणारी हॉक-टू या प्रणाली लिहिल्या तीच माणसं शिकवतात, आणि ह्योव्हसोर आणि ओस्टरिल्डची चाचणी मैदानं त्यांच्या हाताशी आहेत. २०२२ च्या डिसेंबरात व्हेस्टासचं २३६ मीटर व्यासाचं, १५ मेगावॅटचं यंत्र ओस्टरिल्डलाच उभं राहिलं. भारतीय विद्यार्थ्याला शुल्क भरावं लागतं, वर्षाला सुमारे १५,००० युरो, आणि राहण्याचा खर्च त्याहून वेगळा. शुल्कमाफी मिळते, पण मोजक्याच जणांना. अर्जाची मुदत जानेवारीच्या मध्यात संपते. आपल्याकडची मुलं मार्चमध्ये जागी होतात आणि वर्ष हातातून जातं.

युरोपियन विंड एनर्जी मास्टर्स हा डेल्फ्ट, डीटीयू, ट्रॉन्डहाइमचं एनटीएनयू आणि ओल्डेनबर्ग यांनी २०१२ साली मिळून सुरू केलेला कार्यक्रम. विद्यार्थी दोन देशांत शिकतो आणि वाऱ्याचं भौतिकशास्त्र, रोटर डिझाइन, ऑफशोअर (समुद्रातली पवन ऊर्जा) अशा शाखांतून एक निवडतो. सोबतची मुलं फार तयारीची असतात, आणि पुढची कित्येक वर्षं तेच तुमचे व्यवसायातले ओळखीचे चेहरे राहतात. कोणती शाखा यंदा चालू आहे, भागीदार कोण आहेत, हे मात्र अर्ज करण्याआधी त्यांच्याकडूनच नक्की करून घ्या.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, म्हणजे श्टुटगार्टला जाणाऱ्यांनी तेवढं धरून चालावं. ओल्डेनबर्ग वाऱ्याच्या खळबळीच्या अभ्यासासाठी नावाजलेलं आहे. मुद्दाम खळबळता प्रवाह तयार करणारा मोठा विंड टनेल त्यांच्याकडे आहे. तिथला अक्षय ऊर्जेचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम १९८७ पासून चालतो. डॅनिश सीमेलगतच्या फ्लेन्सबुर्गचा मास्टर्स जास्त उद्योगाभिमुख आहे, आणि साइटवरून आलेल्या माणसाला तिथे लवकर रुळता येतं. श्टुटगार्ट लायडारच्या (लेसरने दुरून वारा मोजणाऱ्या उपकरणाच्या) संशोधनात पुढे आहे. ब्रेमरहाफेनला फ्राउनहोफर संस्थेचं पात्यांच्या चाचण्यांचं केंद्र आहे. प्रबंध तिथे करता आला तर सोडू नका.

पण शुल्क नाही म्हणजे फुकट नाही. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बँकेत अडकवून दाखवावी लागते, ती सध्या ११,९०४ युरो आहे आणि अधूनमधून वाढते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) सक्तीचं आहे. ते हातात यायला वेळ लागतो, म्हणून विद्यापीठ ठरण्याची वाट न बघता आधीच अर्ज टाका. आणि जर्मन शिका. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी मधल्या फळीतल्या जर्मन कंपन्यांत, नियोजन कार्यालयांत, तज्ज्ञ तपासनीसांकडे काम जर्मनमध्ये चालतं. बी-टू पातळी असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या नोकरीच्या शोधात मी जमीन-अस्मानाचा फरक पाहिला आहे. कर्ज काढून जाणार असाल तर हा मुद्दा गुणांइतकाच महत्त्वाचा धरा.

भारतात निव्वळ विंडचा मास्टर्स शोधाल तर फारसं काही सापडणार नाही. आयआयटी मुंबईचा ऊर्जा विज्ञान आणि अभियांत्रिकी विभाग, पुणे विद्यापीठातला ऊर्जेचा एम.टेक. असे व्यापक ऊर्जेचे कार्यक्रम आहेत. त्यांत विंड एखाद-दुसऱ्या विषयापुरता असतो. तरीही गेट चांगली गेली असेल आणि घरची परिस्थिती बाहेर जाण्यासारखी नसेल, तर हा रस्ता कमी प्रतीचा समजू नका. फक्त प्रबंध विंडवरच घ्या, आणि खऱ्या डेटावर घ्या. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था अल्पमुदतीची प्रशिक्षणं घेते, तामिळनाडूत कायथारला तिचं चाचणी केंद्र आहे. एम.टेक. अधिक तिथलं प्रशिक्षण अधिक भारतीय साइटवरचा प्रबंध, अशी उमेदवार समोर आली की मी तिला युरोपची पदवी नाही म्हणून मागे ठेवत नाही.

विद्यापीठ निवडताना क्रमवारी बघू नका. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षकं बघा. बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ती खुली असतात. त्यातले किती प्रबंध मोजलेल्या डेटावर आहेत, किती एखाद्या कंपनीत झाले आहेत, हे एका संध्याकाळीत कळतं. सगळे प्रबंध सीएफडीच्या (संगणकावर प्रवाह सोडवण्याच्या) चित्रांचे असतील आणि तुम्हाला संशोधक व्हायचं नसेल, तर ती जागा तुमची नाही.

प्रबंधाचा विषय हा या दोन वर्षांतला सगळ्यात मोठा निर्णय आहे. तुमच्याकडे भारतातले प्रश्न आहेत, ते सोबत न्या. एक सुचवतो: जुन्या यंत्रांचं आयुष्य. आपल्या पठारांवर २००० सालाच्या आसपास उभी राहिलेली ३५० किलोवॅटपासून सव्वा मेगावॅटपर्यंतची यंत्रं आता २० वर्षांच्या डिझाइन आयुष्याच्या टोकाला पोचली आहेत किंवा ते ओलांडून गेली आहेत. केंद्राने रिपॉवरिंगचं (जुनी यंत्रं काढून नवी मोठी बसवण्याचं) धोरण २०१६ मध्ये आणलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यात आयुष्यवाढीचाही समावेश केला. पण एखादं यंत्र आणखी पाच वर्षं सुरक्षित चालेल का, हे ठरवायला त्याने प्रत्यक्ष किती भार सोसला हे काढावं लागतं. मूळ डिझाइनची कागदपत्रं मिळत नाहीत, स्काडाचा (यंत्रावरच्या नोंदणी-नियंत्रण प्रणालीचा) जुना डेटा तुटक असतो. अशा अपुऱ्या माहितीतून, अनिश्चितता सांगत सांगत, उरलेलं आयुष्य काढायचं. हा प्रश्न जर्मनी-डेन्मार्कमध्येही जिवंत आहे, म्हणून मार्गदर्शक मिळेल. आणि उत्तर सापडलं तर ते सांगली, धुळे, साताऱ्याच्या माणसांच्या थेट उपयोगाचं आहे, कारण ही यंत्रं शेतांच्या आणि वाड्या-वस्त्यांच्या जवळ उभी आहेत.

दुसरा विषय मान्सूनचा. आपलं वर्षाचं बहुतांश उत्पादन जून ते सप्टेंबरमध्ये होतं, आणि नेमकं तेव्हाच धुवांधार पावसाचे थेंब वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या टोकाची कड झिजवत असतात. झिजलेली कड किती उत्पादन खाते आणि दुरुस्ती कोणत्या महिन्यात परवडते, याचं आपल्या हवामानाला लागू पडणारं गणित व्हायला हवं. तिसरा अंदाजाचा: १५ मिनिटांचा एक, असे दिवसाचे ९६ टप्पे करून वीजनिर्मितीचं वेळापत्रक द्यावं लागतं आणि चुकलं की दंड बसतो. संख्याशास्त्र आवडत असेल तर इथे भरपूर काम आहे.

नोकरीबद्दल. देशाची पवन क्षमता २०२५ मध्ये ५० गिगावॅटच्या पुढे गेली. राष्ट्रीय संस्थेचा १५० मीटर उंचीवरचा अंदाज ११६४ गिगावॅटच्या घरात आहे. आपला वारा मंद, म्हणून यंत्रं मोठ्या रोटरची आणि उंच टॉवरची होत चालली आहेत. अशा लवचिक यंत्रांना लोड्स आणि कंट्रोलची माणसं जास्त लागतात. पुणे, चेन्नई, बंगळुरू इथे ही कामं आहेत. पुण्यात सुझलॉनचं मुख्यालय आहे, शिवाय परदेशी कंपन्यांच्या अभियांत्रिकी शाखा आणि सल्लागार कंपन्या भारतात बसून जगभरच्या साइट्सचं काम करतात. ऑफशोअरचं आकर्षण सगळ्यांना असतं. केंद्राने जून २०२४ मध्ये गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर मिळून १ गिगावॅटसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, पण केवळ त्या भरवशावर ऑफशोअरची शाखा घेऊन लगेच भारतात परतायचा बेत करू नका. ऑफशोअर शिकायचं तर पहिली काही वर्षं उत्तर समुद्राच्या आसपास काढायची तयारी ठेवा. आणि हा उद्योग धोरणांच्या लाटांवर चालतो हेही घरच्यांना सांगून ठेवा. लिलावाची पद्धत आली तेव्हा आपल्याकडे मागणी एकदम आटली आणि चांगल्या चांगल्या माणसांना सौर ऊर्जेकडे वळावं लागलं. कर्जाचा हप्ता ठरवताना असं एखादं वाईट वर्ष गृहीत धरा.

जायच्या आधीचे महिने वाया घालवू नका. ओपनफास्ट ही टर्बाइनवरचे भार काढणारी संगणक प्रणाली मोफत मिळते, आणि तिच्यासोबत चालवता येणारं ५ मेगावॅटचं नमुना यंत्रही. अमेरिकेच्या प्रयोगशाळेने ते २००९ मध्ये अभ्यासासाठीच खुलं केलं. ते चालवा, वाऱ्याची खळबळ वाढवत न्या, टॉवरच्या पायथ्याशी काय बदलतं ते आलेखावर काढा. हे एक काम तुम्ही मनापासून केलंत तर प्रवेशाच्या पत्रात लिहायला काहीतरी खरं असेल. दुसरं, तुमच्या साइटच्या स्काडा डेटावर काम करायची कंपनीकडे लेखी परवानगी मागा, आणि ती नोकरी सोडायच्या आधी मागा. नावं आणि जागा झाकून डेटा द्यायला वरिष्ठ बरेचदा तयार होतात, पण विचारावं लागतं. परवानगी नसेल तर तो डेटा पेनड्राइव्हवर घेऊन जाऊ नका, परदेशी विद्यापीठात पहिला प्रश्न त्याच्या मालकीचा येतो. परवानगी मिळाली तर निदान दोन पूर्ण वर्षांचा डेटा मागा, अलार्मच्या नोंदींसकट. अलार्मशिवाय नुसत्या दहा मिनिटांच्या सरासऱ्या दिल्या तर यंत्र वाऱ्याअभावी थांबलं होतं की बिघडून, हेच कळत नाही.